ऑरिनचा एकोणपन्नास इंची मासा

पहिलीच्या पोरांना मोजायला शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. दर फेब्रुवारीत, तळं गोठून दगड झालेलं असतं आणि पोरांना बाहेर सोडायची सोय नसते तेव्हा, मी हा धडा काढते, आणि पहिला दिवस पेन्सिलींच्या भांडणात जातो. दोन पोरं समोरासमोर उभी राहतात, पेन्सिली शेजारी शेजारी धरतात, आणि ज्याची आखूड असते तो ती हळूच वर सरकवतो. "बाई, बघा, माझी लांब!" वरची टोकं बघण्याआधी खालची टोकं एका रेषेवर आहेत का ते बघायचं, एवढं त्यांच्या गळी उतरवायला आठवडा जातो. काहींच्या बाबतीत जन्म.

त्या वर्षी वर्गात एकोणीस पोरं होती. त्यातला कोल्टन जे मोजेल ते वाढायचं. आइस्क्रीमच्या काड्यांनी बाक मोजायला सांगितलं, तर सगळ्यांचं बाक नऊ काड्या भरलं आणि ह्याचं बारा. काड्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवल्या होत्या.

"पण बाई, बारा जास्त चांगलं ना?"

त्याच्या शेजारी मॅरेन बसायची. समोरचे दोन दात पडलेले, त्यामुळे ती फारसं तोंड उघडायची नाही. पण कोल्टनची एकेक काडी बोटाने मागे सारून नीट लावायची आणि परत मोजायची.

"ए, तू माझं बाक छोटं करतेस!" कोल्टन ओरडायचा. मॅरेन नुसती मान हलवायची आणि पुढची काडी सारायची.

तर एका सकाळी कोल्टनने हात वर केला. "बाई, ऑरिनकाकांचा मासा एकोणपन्नास इंच आहे ना?"

"तसं ते म्हणतात खरं."

"माझे बाबा म्हणतात, थाप आहे."

सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. ऑरिन माझा सख्खा थोरला भाऊ, हे आमच्या हॅलविकमध्ये कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे. तळ्याच्या काठावर त्याचं दुकान आहे. गळ, दोरे, पिंपात वळवळणारे आमिषाचे मासे, आणि सकाळपासून उकळत असलेली कॉफी. गल्ल्याच्या वर भिंतीवर तो मासा. मस्की. मस्की म्हणजे आमच्या तळ्यातला वाघ, बदकाची पिल्लं गिळणारा. हा भुसा भरलेला, चकचकीत, तोंड वासलेला, आणि खाली पाटी: "ऑरिन. जून १९७१. ४९ इंच."

गावात ह्याहून लांब मासा कुणाच्या भिंतीवर नव्हता. दुसरा नंबर लीलंडचा, सेहेचाळीस. लीलंड ऑरिनच्याच वयाचा, एकाच वर्गातला. रोज सकाळी त्या माशाखाली बसून तो ऑरिनची कॉफी प्यायचा आणि तेवीस वर्षं एकच वाक्य बोलायचा: "वाळला वाटतं रे. काल जरा मोठा दिसत होता."

मी तरी कुठे कमी होते? नाताळच्या जेवणाला ऑरिनने पावाचा तुकडा पुढे केला की मी विचारायची, "केवढा आहे? खरं सांग, एकोणपन्नास सांगू नकोस." सगळं टेबल हसायचं. ऑरिन म्हणायचा, "मोजलाय मी. माझ्या हाताने मोजलाय." त्यावर आम्ही आणखी हसायचो.

"मग मोजूनच बघूया की," मी वर्गाला म्हटलं.

इतकी सोपी गोष्ट तेवीस वर्षांत कुणी केली नव्हती. आमच्याकडे दुसऱ्याचा मासा मोजणं म्हणजे दुसऱ्याच्या बायकोचं वय विचारणं. पण सहा वर्षांच्या पोरांना कोण काय बोलणार?

मी ऑरिनला फोन केला.

"आणि पोरांनी चुकीचं मोजलं तर?" तो म्हणाला.

"मीच शिकवतेय ना त्यांना."

"म्हणूनच विचारतोय."

दुकान शाळेपासून पाच मिनिटांवर. पण एकोणीस पोरांना बर्फाच्या विजारी, कोट, टोप्या आणि बूट चढवायला अर्धा तास लागतो. अडतीस हातमोजे असतात, त्यातले सदतीस सापडतात, आणि सगळं चढवून झालं की कुणाला तरी शूला लागते. त्या दिवशी ड्यूईला लागली. ड्यूई वर्गातला सगळ्यात लहान. टोपी डोळ्यांवर आली की तो जिथे असेल तिथे उभा राहायचा आणि कुणी ती वर करेपर्यंत हलायचा नाही.

आम्ही पोचलो तर ऑरिनने दाढी केली होती आणि टाय बांधला होता. टाय मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते. लीलंड आपल्या खुर्चीत, कपासकट तयार.

"या, या," लीलंड म्हणाला. "मी पहाटेपासून जागा धरून बसलोय."

ऑरिनने शिडी लावून मासा उतरवला, जमिनीवर घोंगडी पसरली आणि त्यावर तो असा ठेवला, जसं काही बाळ निजवतोय. पोरं भोवती गोल बसली. पहिली दहा मिनिटं दात खरे आहेत का ह्यातच गेली. प्रत्येकाला एकदा बोट लावून बघायचं होतं.

प्रश्न कोल्टनचा, म्हणून पहिली पाळी त्याला. त्याने फूटपट्टी माशाच्या नाकाला लावली, बारावर पट्टी संपली तिथे मागच्या बाजूने आपला पंजा आडवा ठेवला, आणि पट्टी उचलून पंजाच्या मागून पुढे लावली. परत पंजा, परत मागून. पोरं मोठ्याने मोजत होती. चार पट्ट्या झाल्या, आणि शेपटीपर्यंत वर आणखी सहा इंच.

वर्गात असतो तर आम्ही फळ्यावर बेरीज केली असती, पण ऑरिन दुकानदार, त्याची आधीच झाली. "चोपन्न!" तो ओरडला. "चोपन्न इंच! ऐकलंस का लीलंड? पोराने मोजलाय, मी नाही!"

लीलंडला ठसका लागला.

"तेवीस वर्षं मी गरिबासारखा एकोणपन्नास म्हणत बसलो," ऑरिन म्हणाला, आणि त्याने खरंच जाड पेन काढून पाटीवरचा आकडा खोडला आणि वर चोपन्न लिहिलं. कोल्टनचा हात धरून त्याने तो हवेत उंच केला. "हा मुलगा पुढे मोठा माणूस होणार!"

मी तोंड उघडणार होते. एकतीस वर्षांत मी एक शिकले आहे, की अशा वेळी बाईंनी तोंड उघडू नये, थांबावं. मॅरेनने हात वर केला होता.

"बाई, कोल्टनच्या हाताखालचा माछा दोनदा मोजला." दात नसल्यामुळे मासा माछा व्हायचा.

"म्हणजे?"

तिने उठून दाखवलं. इथे पट्टी संपली, हाताच्या ह्या बाजूला. आणि दुसरी सुरू झाली हाताच्या त्या बाजूला, मागे. मधला पंजाभर मासा पहिल्या पट्टीतही आला आणि दुसऱ्यातही. असं चार वेळा.

"म्हणजे चार पंजे जास्त," ड्यूई टोपीखालून म्हणाला.

"पंजा लहान आहे पोराचा," ऑरिन घाईघाईने म्हणाला. "एवढंसं तर आहे ते!"

"मग लहान चार," ड्यूई म्हणाला.

मग मॅरेनने काय करायचं ते ठरवलं. तिने ऑरिनच्या गल्ल्यावरचा जाड दोरा मागून घेतला. ऑरिनने तो दिला, कारण एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार. तिने एक टोक ड्यूईला माशाच्या नाकाशी धरायला लावलं, दुसरं शेपटीपाशी नेलं, तिथे कात्री लावली. मग दोरा जमिनीवर सरळ पसरून त्याच्या बाजूने चार फूटपट्ट्या लावल्या, टोकाला टोक, मध्ये फट नाही आणि एकीवर दुसरी नाही. शेवटी गुडघ्यांवर ओणवी होऊन तिने आकडा वाचला. मग परत पहिल्यापासून वाचला, बोट फिरवत.

"पंचेचाळीस."

लीलंडने कप खाली ठेवला. इतक्या हळू ठेवला की आवाजही झाला नाही.

"पट्ट्यांपाशी दोरा ताणला असेल," ऑरिन म्हणाला.

"ताणला तर जास्त येईल रे," मी म्हटलं. "कमी नाही."

"मग माशावर ढिला धरला असेल."

"ढिला धरला तरी जास्तच येईल."

"तू गप बस. तू ह्यांची बाई आहेस का माझी?" त्याचे कान लाल झाले होते. "थांबा. थांबा जरा. मी ज्याने मोजला तोच टेप आहे माझ्याकडे. त्याच दिवसापासून पेटीत आहे, दुसरं काही मोजलेलं नाही त्याने. कशाला मोजेन? आकडा पाठ होता मला."

तो आत गेला आणि त्याची जुनी गळाची पेटी घेऊन आला. तळातून कापडाची एक गुंडाळी काढली. पिवळा टेप, शिवणाचा. मी ओळखला. आईचा होता, ती गेल्यावर ऑरिनने तिच्या डब्यातून एवढीच एक वस्तू मागून घेतली होती. त्याने तो माशाला लावला, नाकापासून शेपटीपर्यंत, व्यवस्थित, न ताणता. मीही वाकून बघत होते. कुठे लबाडी नव्हती.

शेपटीपाशी एकोणपन्नास होते.

ऑरिन ताठ उभा राहिला. फक्त लीलंडकडे बघितलं, मग माझ्याकडे.

पोरांची तोंडं उघडीच राहिली. कोल्टनचा चेहरा उजळला. मासा परत वाढला होता. मॅरेन मात्र रडवेली झाली. तिने आपल्या पट्ट्या परत तपासल्या, टोकाला टोक. "पण मी नीट मोजला होता, बाई."

"हो ग. मी बघितलं."

मग ड्यूई, जो अजून माशाच्या नाकाशी बसला होता, म्हणाला, "ह्याला एक नाहीये."

"काय नाहीये?"

"एक. दोन पण नाही. हा पाचापासून सुरू होतो."

आम्ही सगळे नाकाकडे गेलो. ड्यूई बरोबर होता. टेपचं सुरुवातीचं टोक नव्हतंच. चाराच्या रेघेवर तो कापला गेला होता आणि पहिला दिसणारा आकडा पाच होता. आठवडाभर मी वर्गात घसा कोरडा करत होते: शून्यापासून लावायचं, शून्यापासून. आणि इथे शून्यच गायब.

"एकोणपन्नासातून चार गेले," लीलंड बोटांवर करत म्हणाला, मुद्दाम सावकाश, पहिलीतल्या पोरासारखं. "पंचेचाळीस. म्हणजे ऑरिन, तू थापा मारत नव्हतास."

"तेच तर सांगतोय तेवीस वर्षं!"

"तुला नुसतं मोजता येत नव्हतं."

ऑरिन भडकला. तो रागावलेला मी क्वचित बघितला आहे. "त्यापेक्षा थापाड्या म्हण! थापाडे काय, आहेत इथे घरोघरी, तू स्वतः आहेस. पण टेप उघडून न बघणारा? दोरा इंचावर विकतो मी लेका! उद्या लोक काय म्हणतील?"

तोवर तो टेप माझ्या हातात आला होता. कापलेली कड सरळ नव्हती. दातेरी होती, बारीक बारीक त्रिकोणांची. आईच्या दातेरी कात्रीची. त्या कात्रीला हात लावायची आम्हाला बंदी होती, आणि मी लावला होता, एकदाच. सहा-सात वर्षांची असेन. माझ्या बाहुलीला, इंगाला, पट्टा नव्हता. मला पिवळाच पट्टा हवा होता. चार इंच कापला आणि तिच्या कमरेला बरोब्बर बसला. आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, उंदीर असेल.

एकोणीस पोरं माझ्याकडे बघत होती. ह्या पोरांना मी रोज सांगते, चुकलं तर हात वर करायचा आणि सांगायचं, बाई खाणार नाहीत. त्यांच्यासमोर टेप गुंडाळून पेटीत टाकावा असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, गुंडाळायला सुरुवातही केली होती.

"ऑरिन," मी म्हटलं. "हा मी कापला."

"काय?"

"इंगाला पट्टा केला होता मी. तुला आठवते का इंगा?"

ऑरिन आमिषाच्या पालथ्या बादलीवर बसला. मला वाटलं, आता हा नाताळला माझ्याकडे यायचा नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"तेवीस वर्षं," तो म्हणाला. त्याला धड बोलता येईना. "तेवीस वर्षं ही बाई मला जेवताना पावाच्या तुकड्यावरून... आणि माझे चार इंच हिच्या बाहुलीच्या कमरेला!"

लीलंड तर खुर्चीतून खाली यायचा बाकी होता. पोरांना नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण बाईंचं काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, आणि त्याहून मोठा आनंद पहिलीत नसतो.

"बाईंना शिक्षा?" ड्यूईने विचारलं.

"अलबत!" ऑरिन डोळे पुसत म्हणाला. "बोला पंच, काय शिक्षा?"

पोरांनी डोकी एकत्र केली. उद्याची मधली सुट्टी नाही, असं ठरलं. मी ती शिक्षा भोगली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बाकावर हात बांधून बसले, आणि कोल्टन दर दोन मिनिटांनी येऊन मी बसलेय का ते बघून जायचा.

दुकानातून शाळेकडे परतताना, पोरांची साखळी ओढत, मला आई आठवली. शिवायला बसली की कापडाला टेप लावायची, आकडा बघायची, आणि तिचे ओठ हलायचे. आम्हाला वाटायचं प्रार्थना करतेय; आम्ही आपले तेवढा वेळ गप्प राहायचो. आता कळलं, ती चार वजा करत होती. पुढे जन्मभर. नवा टेप तिने घेतला नाही, आणि उंदराचं नाव परत काढलं नाही, जरी माझी बाहुली रोज पिवळा पट्टा लावून तिच्यासमोर जेवायला बसत होती. मी रस्त्यातच थांबले. मागून एकोणीस पोरं एकमेकांवर आपटली.

ऑरिनने पाटी नवी केली. "ऑरिन. जून १९७१. ४५ इंच. (उरलेले चार बहिणीने कापले.)" जो दुकानात येईल त्याला तो पहिल्यापासून सगळं सांगायचा, आणि दर वेळी माझं वय वाढवायचा. आठवड्याच्या शेवटी मी तो टेप कापला तेव्हा चांगली विशीतली झाले होते. किराणा दुकानातली मार्गी माझ्या हातात पाव देताना म्हणाली, "चार इंच कमी भरेल हं." चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावरच्या बाईने माझ्या कमरेच्या पट्ट्याचं कौतुक केलं. मी हसून घेतलं. एवढी वर्षं दुसऱ्याची थट्टा केली होती, आता आपली करून घ्यायची पाळी होती.

पण पोरांना आता मोजणीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. "आता लीलंडकाकांचा मासा," कोल्टन रोज म्हणायचा. खरंच होतं. ऑरिनचा पंचेचाळीस झाल्यावर गावातला सगळ्यात लांब मासा लीलंडचा ठरला होता, सेहेचाळीस, न मोजताच. मी लीलंडला फोन केला.

"तो धुवायला दिलाय," लीलंड म्हणाला.

"मासा? धुवायला?"

"धूळ बसते ग."

वर्गात सांगितलं तर ड्यूई म्हणाला, "काल माझ्या आजोबांनी लीलंडकाकांच्या खिडकीतून बघितला. भिंतीवरच होता." पुढच्या फोनला लीलंडची पाठ धरली होती. त्याच्या पुढच्या फोनला लीलंड घरातच नव्हता, असं त्याने स्वतः सांगितलं.

त्याहून वाईट म्हणजे तो दुकानात यायचा बंद झाला. मी तिथे गेले तर माशाखालची खुर्ची रिकामी, आणि ऑरिन दोन कप मांडून बसलेला.

"आता हा पहिला आला ना," ऑरिन कुरकुरला. "आता कशाला येईल आमच्याकडे? राजासाहेब." मग जरा वेळाने म्हणाला, "पाठ खरंच धरलीय का ग त्याची?"

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत होते, तर दार ढकलून लीलंड आत आला. हातात गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांब. त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि टोपी काढली.

"पोरं गेली?"

"गेली."

"मग तू मोज. आत्ता. कुणी नसताना."

"मी?" मी म्हटलं. "लीलंड, टेपच्या बाबतीत माझी काय ख्याती आहे ती तुला माहीत आहे."

तो हसला नाही. पोरांच्या एवढ्याशा खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीला. "मी कधी मोजलाच नाही," तो म्हणाला. "आर्डिसने मोजला. मी होडी बांधत होतो, तिने काठावर मोजला आणि ओरडून सांगितलं, सेहेचाळीस. मी लिहून ठेवलं. संपलं." आर्डिस त्याची बायको, जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. "ऑरिनवर मी एवढा हसलो. घरी गेलो आणि भिंतीकडे बघितलं, आणि मला वाटलं, तिच्याकडेही तसलाच टेप असला तर? काय माहीत? लहान भरला तर भरू दे, माझं काय जातंय. पण मग तिचं चुकलं असं होईल, आणि तिला विचारताही येणार नाही."

मी गोधडीचं टोक उचलून बघितलं. देखणा मासा होता, ऑरिनच्यापेक्षा सडपातळ. माझ्या खणात फूटपट्टी होती. दोन मिनिटांचं काम. मी गोधडी परत नीट केली.

"हे काम मॅरेनचं आहे," मी म्हटलं. "सकाळी ये. आणि हे बघ, ती दोनदा मोजते. जे असेल ते खरं असेल."

"आणि कमी निघाला तर?"

"तर मी मधली सुट्टी परत बसून काढीन, तुझ्या शेजारी."

शुक्रवारी तो आठ वाजता हजर. पोरांनी बाकं मागे सारली, गोधडी पसरली. ह्या वेळी दोरा कोल्टनने धरला, मॅरेनने त्याला मोजण्याऐवजी तेच काम दिलं होतं, आणि तो श्वास रोखून टोक दाबून बसला होता. कात्री लागली. दोरा जमिनीवर आला. चार पट्ट्या, टोकाला टोक. लीलंड खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

मॅरेनने वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, जरा गोंधळून. "सेहेचाळीस, बाई. आणि थोडं."

"थोडं किती?"

"एवढं." तिने दोन बोटांच्या मधे दाखवलं. अर्धा आणि पाव आम्ही अजून शिकलो नव्हतो.

"सत्तेचाळीस म्हणूया!" कोल्टन उसळला.

"नको," लीलंड खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. "सेहेचाळीसच. तिने ते थोडं सोडून दिलं असणार." त्याने रुमाल काढून बराच वेळ नाक पुसलं. मग वळला आणि मॅरेनला म्हणाला, "मला लिहून देशील का? कागदावर. आणि खाली तुझं नाव."

तिने लिहिलं. सेहेचाळीसातला सहा उलटा पडला, तिने तो खोडून सरळ केला आणि लिहिलं, "आणि थोडं." लीलंडने कागदाची घडी घातली, परत उघडून वाचला, परत घडी घातली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "झाली का मोजणी राजासाहेबांची?"

ऑरिन होता. शाळेसमोर लीलंडची गाडी बघून आला म्हणे. टाय परत बांधला होता.

"सेहेचाळीस," ड्यूईने सांगितलं. "आणि थोडं."

ऑरिन माशाभोवती एक फेरी मारून आला, हात पाठीशी, घोडा विकत घ्यायला आल्यासारखा. लीलंड वाट बघत होता. मीही.

"बरा आहे," ऑरिन म्हणाला. "लांब आहे, नाही म्हणत नाही. पण लांब काय, सापही असतो. ह्याचं पोट कुठंय? माझ्या माशाचं पोट बघ. मासा म्हणजे पोट!"

"भुसा भरलाय त्याच्यात," लीलंड म्हणाला. "तू स्वतः उभं राहून जास्त भरायला लावलास, मी होतो तिथे."

"भुसा असो नाहीतर आणखी काही असो, पोट ते पोट!"

"बाई," कोल्टन म्हणाला, फूटपट्टी माशाच्या पोटावर दाबत, "ही वाकत नाही. पोट कसं मोजायचं?"

एकोणीस चेहरे माझ्याकडे वळले. माझ्या नियोजनाच्या वहीत शुक्रवारी वजाबाकी होती.

"दोन्ही मासे समोर असतील तरच सांगता येईल," मी म्हटलं. "ऑरिन, सोमवारी आणशील का तुझा?"

"सोमवारी कशाला?" ऑरिन म्हणाला. "गाडीतच आहे."

लीलंडने मान हलवली आणि कपाळाला हात लावला. "येताना कॉफी पण आण रे," तो म्हणाला. "आठवडा झाला, धड कॉफी नाही मिळाली." कोल्टन तोवर कोट न घालता दाराबाहेर पोचला होता.